ऑपरेशनआधी व्यसनाचं सांगू की नको?

प्रश्न : ताई, मी एसटीत ड्रायव्हर आहे. मुलगी दहावी झाली तेव्हापासून दारूला शिवलेलो नाही. आता ती कॉलेजात आहे. दिवाळीत रात्री पोटात कळ आली म्हणून दवाखान्यात गेलो. कोणत्या गोळ्या चालू आहेत विचारल्यावर दारूची ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्झोनचं नाव सांगितलं आणि डॉक्टरांचा सूरच बदलला. केसपेपरवर ‘अल्कोहोलिक’ लिहिलं. ‘खरं सांगा, आज किती घेतली?’ असं बायकोसमोर पुन्हापुन्हा विचारलं. ट्रामाडॉलच्या इंजेक्शनने दुखणं थांबेना. दुसरं मागितलं तर सिस्टर म्हणाल्या, ‘यांना चटकच असते.’ दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. आता ऑपरेशन दुसरीकडे करतोय. तिथे काही सांगूच नये असं वाटतं.
— एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून संताप आला. नाल्ट्रेक्झोन घेणाऱ्याला ट्रामाडॉल, मॉर्फिनसारखी अफूवर्गातली औषधं नीट लागू पडत नाहीत, कारण ती जिथे काम करतात त्या मेंदूतल्या जागाच ही गोळी अडवून धरते. तुम्ही गोळीचं नाव सांगितलं होतंत, तेव्हाच हे लक्षात यायला हवं होतं. मी बरीच वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते. ड्यूटी बदलताना ‘सात नंबर, दारूवाला, सारखं इंजेक्शन मागतो’ एवढंच पुढे सांगितलं जातं. मग नव्या पाळीची सिस्टर पेशंटचं तोंड बघण्याआधीच मत करून मोकळी होते.

तरीही लपवू नका. भूल देणाऱ्या डॉक्टरांना गोळी, डोस आणि शेवटची कधी घेतली, हे कळायलाच हवं. ती साधारण दोन-तीन दिवस आधी थांबवतात, पण मनाने बंद करू नका. ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. परत कधी सुरू करायची तेही विचारून घ्या, कारण अफूवर्गातलं औषध अंगात असताना ती घेतली तर फार त्रास होतो.

तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडून लेटरहेडवर चिठ्ठी घ्या : दारू कधीपासून बंद, कोणते उपचार चालू, वेदनेसाठी काय चालेल. केसपेपरवरही ‘उपचार चालू, दारू पूर्ण बंद’ असं लिहायचा आग्रह धरा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित आजारही येतात, आणि अशा रुग्णाला सगळ्या आरोग्यसेवेत शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच वागणूक मिळाली पाहिजे, असं तो कायदा सांगतो. आधीच्या दवाखान्यात लेखी तक्रार जरूर द्या.

चिठ्ठीची एक प्रत वहिनींजवळ असू द्या. भुलीतून बाहेर येताना तुम्हाला बोलता येणार नाही, तेव्हा त्या दाखवू शकतील.