मुरमांची गोळी आणि आईची नजर

जून उजाडून अकरावीचे वर्ग सुरू झाले की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. ‘मॅडम, डॉक्टरांनी मुरमांवर ती जोरकस गोळी लिहून दिलीय. द्यावी की नको?’ खरं तर हा प्रश्न त्वचारोगतज्ज्ञांचा. पण मोबाईलवर शोधता शोधता ‘नैराश्य’, ‘आत्महत्या’ असे शब्द दिसले की पालक माझं, म्हणजे समुपदेशकाचं, दार ठोठावतात. अशाच एका घराची गोष्ट सांगते, ओळखीच्या खुणा बदलून.

घर गोव्यातलं, फोंड्याकडचं. वडील बोटीवर, घरात आजी, आई आणि सोळा वर्षांची मुलगी. तिच्या गालांवर आणि पाठीवर मोठ्या, दुखऱ्या गाठी. एक बसली की खड्डा ठेवून जायची. ‘उष्णता’ उतरवायला कोकमाचं सरबत झालं, चंदन झालं, मग शेजारणीने सुचवलेली मेडिकलमधली ट्यूब. तिच्यात स्टेरॉइड होतं. महिनाभर चेहरा उजळला, नंतर दुपटीने फुलला. (असल्या ट्यूबा चिठ्ठीशिवाय हातात पडतात, हा माझा जुना संताप, आज नको.) पुढे तज्ज्ञांकडची जेल, तीन महिने अँटिबायोटिक, आणि तेही पुरेना तेव्हा आयसोट्रेटिनॉइन, म्हणजे तीच ती जोरकस गोळी.

वडिलांनी बोटीवरून फोनवर सांगितलं, ‘देऊन टाक.’ आजी म्हणाली, ‘आमच्या काळार खंय आशिल्ल्यो असल्यो गुळयो?’ आई मधल्या मध्ये.

‘काही होणार नाही याची खात्री द्या मॅडम, आजच सुरू करते.’

‘खात्री मी देऊ शकत नाही. कोणीच नाही.’

‘मग नकोच.’

‘नको म्हटलं तर काही होणार नाही, याची खात्री तुम्हाला कोणी दिली?’

आई माझ्याकडे बघतच राहिली. मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी बैठक आहे, आणि इतक्या वर्षांत मी एक शिकले: माणसाला छळते ती भीती कमी, ‘मला हमी मिळालीच पाहिजे’ हा हट्ट जास्त. गोळी न देणं हाही निर्णयच. त्याचीही किंमत असते, इथे ती गालावरच्या खड्ड्यांत दिसत होती.

माहितीचं म्हणाल तर, हे औषध नवखं नाही. अमेरिकेत ते 1982 पासून वापरात आहे. साधारण चार ते सहा महिने, वजनाच्या हिशोबाने, जेवणाबरोबर घ्यायचं. ओठ जवळजवळ सगळ्यांचेच फुटतात. सुरुवातीला मुरमं वाढूही शकतात. यकृत आणि रक्तातली चरबी यांच्या तपासण्या करतात. मन उदास होण्याबद्दल सांगायचं तर, हजारो रुग्णांचे अभ्यास एकत्र पाहिले तर धोका वाढल्याचं स्पष्ट दिसत नाही. पण एखाद्याला त्रास होऊ शकतो, म्हणून इशारा वेष्टनावर असतो. ब्रिटनने तर 2023 मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना ते सुरू करायला दोन तज्ज्ञांच्या संमतीची अट घातली होती. आणि इतकी मुरमं स्वतःच मुलांना खिन्न करतात, हे मात्र पालक क्वचितच विचारतात.

आईचा दुसरा राग वेगळाच होता. ‘डॉक्टरांनी गरोदरपणाची चाचणी सांगितली! शाळेत जाणारी पोर ती.’ मी म्हटलं, हा चारित्र्याचा प्रश्न नाही, औषधाचा नियम आहे. पोटातल्या बाळात त्याने गंभीर व्यंगं येतात, म्हणून मुलगी म्हटली की चाचणी आलीच, आणि गोळी थांबल्यावरही महिनाभर तीच काळजी. मुलगी त्या वेळी जमिनीकडे बघत होती. डॉक्टरांशी तिने पाच मिनिटं एकटीने बोलावं, एवढं मी ठरवून घेतलं.

तिसऱ्या भेटीत मी आईला बाहेर बसवलं.

‘समज, उद्या उठलीस आणि चेहरा अगदी स्वच्छ. पहिला फरक कुठे पडेल?’

मला वाटलं, कॉलेज म्हणेल, फोटो म्हणेल. ती बराच वेळ केसांच्या बटा गालावर ओढत राहिली. मग म्हणाली, ‘आई माझ्याशी बोलेल.’

‘आत्ता बोलत नाही?’

‘बोलते. पण माझ्या गालाशी बोलते.’

मी पेन खाली ठेवलं. तीन भेटी झाल्या होत्या आणि मला हे दिसलं नव्हतं! आई प्रत्येक वाक्य तिच्या डाव्या गालाकडे बघत बोलायची. ‘जेवलीस?’ गालाला. ‘अभ्यास झाला?’ गालाला. चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या आराशीखाली, आरतीला ती मागे का उभी राहिली, हे आईने मला दोनदा विचारलं होतं, पण तिला एकदाही नाही.

मी तिच्या परवानगीने आईला आत बोलावलं आणि ते वाक्य तिने स्वतः सांगितलं. आई रडली नाही. तिने मुलीच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला, नजर दोनदा घसरली, तिसऱ्यांदा टिकली.

मला तिथे जे सुचलं ते आता मी प्रत्येक पालकाला सांगते. गोळी सुरू करायची असेल तर घरात कोणीतरी लक्ष ठेवायला हवं, ते मुरमांवर नव्हे. ती झोपते कशी, मैत्रिणींचे फोन उचलते का, एरवी आवडणारं सोडून देते का, ‘कशाला जगायचं’ असलं काही बोलते का. असं काही दिसलं तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. असं बघणारं माणूस घरात नसेल, तर गोळीपेक्षा तो प्रश्न आधी.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने 20 मिलिग्रॅमवर सुरुवात झाली. होकार मुलीने दिला, आईने नाही, हेही मुद्दाम. आईला मी एक वही ठेवायला सांगितली. पहिल्या आठवड्यात तिने लिहून आणलं, ‘डावा गाल, 3 नव्या. हनुवटी, 1.’ मी वही परत केली.

महिन्याने आली तेव्हा पान वेगळं होतं. ‘हुमणाने (माशाच्या कढीने) ओठ झोंबतात म्हणाली. भात दह्याबरोबर जेवली. फोनवर मैत्रिणीशी भांडली. जेवताना दोनदा हसली.’

‘दोनदा’वर पेन्सिलीने काट मारून मुलीने वर लिहिलं होतं, ‘तीनदा.’