सोनामुखीत सोने कोठले?

लातूरच्या एका वाचकाने विचारले आहे की, अत्ताराच्या दुकानात रेचक म्हणून मिळणाऱ्या 'सोनामुखी'च्या नावात सोने कोठून आले, आणि ही सोनामुखी म्हणजे आपल्या माळावरचा तरवडच काय.

सोनामुखीची फुले पिवळीधमक असल्यामुळे सोन्याचा अर्थ सहज पटतो. पण औषधात वापरतात ती पाने, आणि त्यांत ना सोने दिसते ना मुख. या पाल्याचे अरबी नाव 'सना' असून मक्केकडून येणाऱ्या मालाला 'सना मक्की', म्हणजे मक्केची सना, असे म्हणत. 'सोनामुखी' हे त्याचेच रूप असावे, असे माझे मत आहे. मात्र हा बदल नुसत्या उच्चारदोषाने झालेला नाही. मराठीने 'सनद' आणि 'मक्का' हे शब्द जसेच्या तसे ठेवले. मग येथेच 'सना'चे 'सोना' आणि 'मक्की'चे 'मुखी' का व्हावे? अनोळखी शब्दात ओळखीचा अर्थ शोधण्याची बोलणाऱ्यांची सवय, जिला लोकव्युत्पत्ती म्हणतात, तीच येथे कामाला आलेली दिसते. हिंदी आणि बंगालीतही 'सोनामुखी' आहे, त्यामुळे हे रूप मराठीतच घडले असे म्हणता येत नाही. आयुर्वेदातले 'स्वर्णपत्री' हे नाव ऐकून शब्द मूळचा संस्कृत असल्याचा भास होतो खरा. मला तर ते या सोन्यालाच चढवलेले संस्कृत वस्त्र वाटते.

वनस्पतिशास्त्रातले 'सेन्ना' हे प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, नावही त्याच 'सना'पासून आले आहे. सोनामुखी आणि तरवड या दोन्ही याच प्रजातीतल्या, पण वेगळ्या जाती आहेत. पावसाळ्यात बांधावर उगवणारा तरोटाही त्यांचाच भाऊबंद. पूर्वी या साऱ्यांना बहाव्याबरोबर 'कॅसिया' या प्रजातीत धरत, म्हणून जुन्या पुस्तकांत तरवड 'कॅसिया ऑरिक्युलाटा' या नावाने सापडतो. यातल्या 'ऑरिक्युलाटा'चा अर्थ कान असलेली, आणि हे नाव मात्र अगदी डोळ्यांदेखतचे आहे, कारण पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी मोठी उपपर्णे, म्हणजे देठाच्या बुडाशी फुटणारी पानासारखी अंगे, असतात.

तरवडाची साल कातडी कमावण्यासाठी वापरत आले आहेत. देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलुगूत त्यालाच 'तंगेडू' म्हणतात. बतुकम्माच्या सणात त्याची फुले रचतात आणि तेलंगणाचे राज्यफूलही तेच आहे. सोनामुखीत तरवडाचा पाला मिसळला जातो, म्हणून चूर्णापेक्षा अख्खा पाला घ्यावा: सोनामुखीची पर्णिका, म्हणजे संयुक्त पानातले एकेक छोटे पान, टोकदार असते, तरवडाची बोथट.