नेरुळचा तो पक्षी वूड स्नाइप नाही, पण पहिला फोटो जपून ठेवा

तुमचे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. नेरुळच्या पाणथळीवर दोन वेगवेगळ्या सकाळी काढलेल्या या फोटोंना अ‍ॅपने ‘वूड स्नाइप’ म्हटलंय, ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. नाही. अ‍ॅपचाही फारसा दोष नाही म्हणा. पाणलाव्यांच्या, म्हणजे स्नाइप पक्ष्यांच्या, पाठी पाहिल्या तर सगळे एकाच आईचे वाटतात.

पाठ सोडा, पोट बघा. वूड स्नाइपच्या पोटावर खालपर्यंत आडव्या रेघा असतात. तुमच्या दुसऱ्या फोटोत पोट स्वच्छ पांढरं आहे. तिसऱ्यात तर उडताना पंखाच्या मागच्या कडेला पांढरी किनार दिसतेय. शिवाय पक्षी कर्कश ओरडून वेडावाकडा उडाला, असं तुम्हीच लिहिलंय. हा साधा पाणलावा, कॉमन स्नाइप. वूड स्नाइप गोल पंखांनी जड-जड उडतो, बहुधा आवाजही करत नाही आणि थोड्याच अंतरावर पुन्हा गवतात बसतो. लांबून वुडकॉकच, म्हणजे पाणलाव्याचा जाडजूड नातलगच, वाटावा.

तुमची शंका अगदीच हवेतली नव्हती, कारण वूड स्नाइप थंडीत हिमालयातून खाली उतरतो आणि काही तर थेट निलगिरीपर्यंत जातात. पण तिथेही त्याला हवी असते डोंगरातली दाट गवताची दलदल, झाडीतला ओढा. खाडीकाठच्या उघड्या चिखलात सकाळी नऊ वाजता फोटोला उभा राहणारा हा गडी नव्हे. वीण हिमालयात, साधारण ३००० मीटरच्या वर, विरळ झुडपांच्या ओल्या कुरणांत. १८३६ मध्ये ब्रिटिश निसर्ग अभ्यासक हॉजसनने त्याला शास्त्रीय नाव दिलं, तरी आजही तो फार कमी लोकांनी नीट पाहिलाय. जगात १०,००० पेक्षा कमी असावेत, असा अंदाज आहे आणि धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे.

मी स्वतः त्याच्यासाठी नेपाळच्या लांगटांग खोऱ्यात मे महिन्यात तीन संध्याकाळी रिमझिम पावसात बसलो होतो. अंधार पडताना डोक्यावरून नाकातल्या सुरात एक आवाज पुन्हा पुन्हा फिरत गेला. एकदा काळी सावली दिसली, संपलं. ठाण्याला परतल्यावर घरच्यांनी फोटो मागितला तर ढगांचे दाखवले.

आता तुमचा पहिला फोटो. तो पक्षी मला वेगळा वाटतोय. चोचीच्या बुडाशी भुवईचा फिकट पट्टा डोळ्यातून जाणाऱ्या काळ्या पट्ट्याहून रुंद आहे. साध्या पाणलाव्यात हे उलटं असतं. म्हणजे तो पिनटेल स्नाइप, पाणलाव्याचीच आणखी एक जात, असू शकतो. पण स्विनहोजचा पाणलावाही असाच दिसतो, त्यामुळे एवढ्यावर मी नाव ठरवणार नाही. तो उडताना पंखाची मागची कड पांढरी दिसली नाही आणि पायाची बोटं शेपटीबाहेर डोकावली, तर पारडं पिनटेलकडे झुकतं. पक्का पुरावा शेपटीत. साध्या पाणलाव्याला बहुतेक वेळा १४ पिसं असतात. पिनटेलला पंचविसाच्या आसपास आणि कडेची टाचणीसारखी बारीक.

आंघोळीनंतर पिसं साफ करताना तो क्षणभर शेपटी पसरतो. त्यासाठी उजाडतानाच जाऊन बांधामागे बसा, त्याच्या मागे चिखलात उतरू नका. तसा एक फोटो मिळाला तर इथेच टाका, पिसं मोजू.