डीन झाल्यावर प्राध्यापकाचं संशोधन संपतं का?

तुम्ही विचारलंय की इंजिनिअरिंगमध्ये डीनपद चालून आलंय, घेतलं तर संशोधनाची वाट लागेल का. माझी पीएचडी एका डीनसाहेबांच्या हाताखाली झाली. डीन नुसत्या सह्या करतो, त्याचं संशोधन संपतं, असं म्हणत स्टाफरूममध्ये त्यांना 'सह्याजीराव' म्हणणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी मी वर्षानुवर्षं भांडलोय. म्हणून हे उत्तर.

सरकारी अनुदानातून आमच्या लॅबला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल किती जोराचा आहे ते दाखवणारं यंत्र, मंजूर झाला होता. मार्च उजाडला तरी खरेदी होईना. तीन कोटेशन आली होती, तुलनात्मक तक्ताही तयार होता. पण सगळ्यांत स्वस्त यंत्र ३ गिगाहर्ट्झच्या पुढे जात नव्हतं आणि आमचं काम ५.८ गिगाहर्ट्झच्या अँटेनावर! अकाउंट्सचा हेका एकच, एल-वन (म्हणजे सगळ्यांत कमी दराचं कोटेशन) सोडता येणार नाही. ३१ मार्च उलटला की पैसे परत. मी लेक्चरर, माझ्या अर्जाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी सर, म्हणजे तेच डीनसाहेब, स्वतः फाइल घेऊन गेले, क्लार्कच्या टेबलासमोर बसले आणि शेरा लिहिला: हे यंत्र मागणीतल्या तांत्रिक अटींत बसत नाही, सबब दराच्या तुलनेत धरता येणार नाही. लगोलग खरेदी समिती बसवली. यंत्र आलं. मग ऑफिस सुटल्यावर सर बाह्या दुमडून लॅबमध्ये यायचे, केबलचे कनेक्टर स्वतः तपासायचे, आणि रीडिंग वहीत उतरल्याशिवाय ग्राफ काढू द्यायचे नाहीत. त्या सहकाऱ्यांचे पेपर सरांपेक्षा जास्त आहेत, मान्य. त्यातली कितीतरी मोजमापं याच यंत्रावरची आहेत, हे मात्र ते कधी बोलले नाहीत.

आमच्या पिढीनं ज्यांचं जाडजूड पुस्तक वाचून रेडिओ शिकला ते अमेरिकन प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन बघा. एचपी कंपनी काढणारे ह्यूलेट आणि पॅकार्ड त्यांचेच विद्यार्थी. युद्धकाळात हार्वर्डमध्ये रडार निकामी करण्याच्या तंत्रावर त्यांनी मोठी प्रयोगशाळा चालवली, आणि युद्धानंतर ते स्टॅनफर्डमध्ये डीन म्हणून काम करू लागले. १९५१ मध्ये विद्यापीठाच्या जमिनीवर उद्योगांसाठी जागा खुली झाली, १९५४ मध्ये कंपन्यांतल्या इंजिनिअरांना नोकरी सांभाळून मास्टर्स करता येऊ लागलं, या दोन्हींमागे टर्मन होते. आणि पुस्तकाची चौथी आवृत्ती आली १९५५ मध्ये, डीन असतानाच. सिलिकॉन व्हॅलीच्या जनकांत त्यांचं नाव घेतात ते नुसत्या पेपरांमुळे नाही. डीनचं संशोधन त्याच्या नावावरच्या पेपरांत मोजणं हा मुळात चुकीचा हिशेब आहे.

आता पथ्यं. तुमचे स्वतःचे पेपर कमी होणारच. विद्यापीठातलं अधिष्ठातापद, म्हणजे अख्ख्या विद्याशाखेचं डीनपद, असेल तर आणखी, कारण २०१६ च्या कायद्यानं महाराष्ट्रात विज्ञान आणि तंत्रज्ञान ही एकच विद्याशाखा केली, म्हणजे इंजिनिअरिंगपलीकडचाही पसारा तुमच्या गळ्यात. खासगी कॉलेजात डीनला अ‍ॅडमिशन भरायला आणि नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइली रचायलाच बसवणार असतील, तर त्या सहकाऱ्यांचं म्हणणं तिथं खरं ठरेल. तेव्हा होकार देण्याआधी लॅब, पीएचडीचे विद्यार्थी आणि खरेदीचे अधिकार या तिन्हींबद्दल लेखी मागा. द्यायला का-कू केली तर पद घेऊ नका.