शीघ्रपतनावर स्प्रे, गोळी की व्यायाम?

लग्नाला वर्ष झालं, मिनिटभरात आटोपतं आणि मेडिकलमधून आणलेली गोळी घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. मी स्वतः सांगलीत मेडिकल चालवतो, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतो.

आधी त्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. आमच्याकडे खपणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत डॅपॉक्सेटिनच्या, म्हणजे वीर्यपतन लांबवणाऱ्या औषधाच्या, जोडीला सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल असतं. ते ताठरतेसाठी. तुमची ती तक्रार नसेल तर फुकट कशाला पोटात घ्यायचं? छातीत दुखण्यासाठी नायट्रेटच्या गोळ्या चालू असणाऱ्याच्या तर ते जिवावर बेततं. नुसतं डॅपॉक्सेटिन ३० मिलिग्रॅम, संबंधाच्या १ ते ३ तास आधी, २४ तासांत एकदाच. मळमळ, चक्कर होते. दारूबरोबर बिलकूल नको, हृदयविकार असेल किंवा डिप्रेशनचं औषध चालू असेल तरीही नको. म्हणजे चिठ्ठीशिवाय घ्यायची ही गोळीच नव्हे. मागणारे रोज येतात, ते वेगळं.

मी तुमच्या जागी असतो तर लिडोकेनच्या, म्हणजे त्वचा बधिर करणाऱ्या औषधाच्या, स्प्रेपासून सुरुवात केली असती. १०-१५ मिनिटं आधी मारायचा आणि संबंधापूर्वी नीट धुवून टाकायचा. लोक नेमकं धुणं विसरतात, मग बायकोलाही बधिरपणा येतो आणि बोलणी मला बसतात. सोबत थांबून-थांबून करायचा सराव ठेवा; जेम्स सीमन्स या डॉक्टरांनी तो १९५६ मध्येच मांडला. पैसा लागत नाही, पण बायकोशी मोकळं बोलावं लागतं, आणि गाडी तिथंच अडते.

अर्ध्या तासाची अपेक्षा मात्र सोडा. पाच देशांतल्या जोडप्यांनी घड्याळ लावून मोजलं, तेव्हा मधला आकडा साडेपाच मिनिटांच्या आतच निघाला.

हे पहिल्यापासून नसून अलीकडे सुरू झालं असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. थायरॉईडचं हार्मोन वाढणं, प्रोस्टेटला सूज, ताठरता टिकणार नाही या भीतीने होणारी घाई, यातलं काही आहे का ते डॉक्टरांनी बघायला हवं. भिंतीवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्यांकडे जाऊ नका, असल्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांचे डॉक्टर, गाठा. गावात कुणी ओळखीचं भेटेल अशी धास्ती असेल तर मिरजेला जा. तिथं कर्नाटकातूनही पेशंट येतात, कोण कशासाठी बसलंय ते बघायला कुणाला वेळ नसतो.