भट्टीतली मॅग्नेशिया वीट पावसाला का घाबरते?

प्रश्न : नमस्कार सर, मी चंद्रपूर जिल्ह्यात एका सिमेंट प्लांटच्या स्टोअरला नवीनच लागलोय. किल्नच्या (सिमेंट भाजायच्या भट्टीच्या) विटा येतात त्यातल्या मॅग्नेशियाच्या विटांना आमचे सुपरवायझर पावसाचं वारंसुद्धा लागू देत नाहीत, पॅलेटचं प्लॅस्टिक जरा फाटलं की ओरडा बसतो. हाय ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइड जास्त असलेल्या) विटांसाठी एवढं कोणी करत नाही. जी वीट एवढ्या आगीत टिकते तिला पाण्याने काय होणार? आणि पोट साफ व्हायला घेतात ते मॅग्नेशिया आणि हे एकच का?

उत्तर : तुमचे सुपरवायझर अगदी बरोबर करतायत, त्यांचं ऐका. तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे बघा. वीट असते मॅग्नेशियम ऑक्साइडची, आणि औषधाच्या बाटलीत असतं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे त्याच ऑक्साइडने पाणी ओढून घेतलं की जे तयार होतं ते. आणि हे होताना त्या पदार्थाचं आकारमान दुपटीहून जास्त वाढतं. चुन्याची कळी विझवताना ती कशी फुगून फुटते तसंच, फक्त इथे हळूहळू होतं म्हणून लगेच दिसत नाही. विटेच्या आत जागा तर नसते, मग आधी बारीक भेगा पडतात, मग कोपरे सुटतात आणि जास्तच झालं तर वीट हाताने चुरता येते. ॲल्युमिनाच्या विटेचं असं काही होत नाही, ती भिजली तर वाळवून घेता येते. मॅग्नेशियाची एकदा हायड्रेट झाली की वाळवून काही परत येत नाही.

यात गार पाण्यापेक्षा गरम वाफ जास्त घातक. म्हणून शटडाऊनमध्ये शेजारी ओलं कास्टेबल (काँक्रीटसारखं ओतायचं भट्टीचं मटेरियल) टाकलं असेल आणि किल्न घाईघाईत तापवली तर त्यातली वाफ मॅग्नेशियाच्या विटांत शिरते आणि न वापरलेलं नवंकोरं लायनिंग पहिल्याच हीटअपमध्ये खराब होऊ शकतं. स्टोअरमध्ये एवढं पाळा : पत्र्याखाली, जमिनीपासून वर, हवा खेळती, आणि आधी आलेला माल आधी बाहेर. नुसती ताडपत्री घट्ट गुंडाळून ठेवली तर दमटपणा आतच कोंडतो, ते नको.

आता तुम्ही म्हणाल एवढी नाजूक वीट घ्यायचीच कशाला. तर मॅग्नेशिया वितळतं साधारण २८०० डिग्रीला, ॲल्युमिना २०७० च्या आसपास आणि सिलिका १७१० च्या आसपास. पण मला विचाराल तर नुसता मेल्टिंग पॉइंट बघून वीट निवडणं चूक आहे, विटेला काय चिकटणार आहे ते आधी बघायचं. तुमच्या बर्निंग झोनमध्ये, म्हणजे किल्नच्या सगळ्यात तापलेल्या भागात, क्लिंकर (दळून सिमेंट होतं तो भाजलेला माल) असतो १४५० डिग्रीला आणि तो चुन्याने भरलेला, म्हणजे बेसिक, आम्लाच्या उलट. तिथे सिलिका जास्त असलेली वीट लावली तर चुना आणि सिलिका मिळून कमी तापमानाला वितळणारा पदार्थ होतो आणि वीट खाल्ली जाते. मॅग्नेशिया स्वतःच बेसिक, त्यामुळे चुन्याशी त्याचं भांडण नाही.

स्टीलमध्ये तर या एका गोष्टीने इतिहास बदललाय. बेसेमरच्या कन्व्हर्टरला (लोखंडाचं स्टील करायच्या भांड्याला) आतून सिलिकाचं लायनिंग असायचं आणि फॉस्फरस काढायला चुना टाकला की तो लायनिंगच खायचा, त्यामुळे फॉस्फरसवालं लोहखनिज असलेले लोक हात चोळत बसायचे. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस नावाचा लंडनच्या कोर्टातला क्लार्क आणि त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी १८७८ च्या सुमाराला वेल्समध्ये ब्लेनॅव्हॉनला प्रयोग करून बेसिक लायनिंग जमवलं, भाजलेल्या डोलोमाइटचं, ज्यात चुना आणि मॅग्नेशिया दोन्ही असतात. आज स्टील प्लांटच्या कन्व्हर्टरला आणि लेडलच्या (वितळलेलं स्टील न्यायच्या भांड्याच्या) स्लॅग लाइनला, म्हणजे वर तरंगणारी मळी लागते त्या पट्ट्याला, मॅग्नेशियात ग्रॅफाइट मिसळलेल्या मॅग-कार्बन विटा लागतात, कारण ग्रॅफाइटला स्लॅग चिकटत नाही.

आपल्याकडे मॅग्नेसाइट, म्हणजे जो दगड भाजून मॅग्नेशिया करतात तो, निघतं तमिळनाडूत सेलमला आणि उत्तराखंडात अल्मोडा, पिथोरागडकडे. भाजताना त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त वजन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातं. सेलमच्या दगडात सिलिका जास्त, अल्मोड्याच्यात लोह आणि चुना जास्त, म्हणून उत्तम ग्रेडचा बराच माल चीनमधून येतो.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत पण सांगायलाच पाहिजे. जुन्या किल्नमध्ये मॅग-क्रोम, म्हणजे मॅग्नेशियात क्रोमियम ऑक्साइड असलेल्या, विटा असायच्या. किल्नमधल्या अल्कलीमुळे त्यातल्या क्रोमियमचं हेक्साव्हॅलंट क्रोमियम होतं, ते पाण्यात विरघळतं आणि कॅन्सर करतं. म्हणून आता क्रोम नसलेल्या मॅग्नेशिया-स्पिनेल विटा आल्या. पण जुन्या काढलेल्या विटांवर पिवळट थर दिसला तर हात लावू नका, तोडताना मास्क घाला, आणि त्या विटा भरावात किंवा विहिरीजवळ टाकू देऊ नका.

प्रश्न : जालन्याला आमच्या इंडक्शन फर्नेसला (विजेवर स्क्रॅप वितळवायच्या भट्टीला) सिलिकाचीच रॅमिंग मास, म्हणजे आतून ठोकून बसवायची पावडर, वापरतात. मॅग्नेशिया एवढं भारी आहे तर ते का नाही?

उत्तर : स्वस्त पडते हे एक कारण, पण तेवढंच नाही. सिलिकाचं प्रसरण बहुतेक सगळं खालच्या तापमानातच उरकतं, वर गेल्यावर ते फारसं हलत नाही, त्यामुळे हीट (वितळलेल्या मालाचा एक घाणा) काढली, भट्टी भरली, परत तापवली हे ते सोसतं. मॅग्नेशिया तापत जाईल तसं सारखं वाढतच राहतं, म्हणून इंडक्शनच्या पातळ लायनिंगमध्ये तडे जायची भीती, आणि तड्यातून धातू भट्टीभोवतीच्या विजेच्या कॉइलपर्यंत पोचला तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पण सिलिकाची किंमतही मोजावी लागते, चुना टाकता येत नाही, म्हणजे फॉस्फरस आणि सल्फर भट्टीत काढता येत नाही, म्हणून स्क्रॅप निवडून घेणं हाच तुमचा खरा कंट्रोल. मँगनीज स्टीलचं कास्टिंग करायचं असेल तर मात्र सिलिका चालत नाही, मँगनीज ते खातं, तिथे मॅग्नेशियाचंच लायनिंग लागतं.

प्रश्न : गिझरची जुनी कॉइल कापली तर आत पांढरी पावडर निघाली, ती पण हीच का?

उत्तर : हो, हीच. मधल्या तारेतली उष्णता ती बाहेर जाऊ देते पण करंट जाऊ देत नाही, म्हणून नळीत दाबून भरतात. कॉइलच्या टोकाचं सील फुटलं की ती ओल ओढते आणि लिकेजमुळे ट्रिप व्हायला लागतं, पावसाळ्यात बंद असलेल्या गिझरचं असं जास्त होतं. असं सारखं व्हायला लागलं तर ट्रिपर बायपास करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवून मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन तपासून घ्या आणि कॉइल बदला.