सही नंतर बघ, आधी कागद

सोलापूर

अनेक आशीर्वाद.

विकत घ्यायच्या विचारात असलेल्या एचिंगचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून काढलेल्या छापचित्राचा, तू पाठवलेला फोटो पाहिला. उजवीकडे पेन्सिलीने सही, डावीकडे २३/७५, म्हणजे ७५ प्रतींपैकी २३ क्रमांकाची, आणि वर तो निळ्या-तांबड्या आकारांचा गुंता. फोटोवरून मी हो-नाही काहीच म्हणणार नाही. पैसे देण्याआधी चित्र फ्रेमबाहेर काढायला लाव.

एचिंगमध्ये आम्लाने खोदलेल्या, शाई भरलेल्या तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर ओलसर कागद ठेवून तो प्रेसच्या रुळाखालून काढतात. दाबाने पत्र्याची चौकट कागदात उमटते. कागदाच्या मागून हलकेच बोट फिरव, ती हाताला लागेल. ही खूण खोटीही उठवतात, म्हणून पुढे बघ. आजोबांचा कापडाचे धागे मोजायचा पिक ग्लास, म्हणजे ते छोटं भिंग, घरात असेलच. गिरणीवाल्याच्या घरात नसेल तर कुठे असणार? तो रंगावर धर. आखल्यासारखे ठिपके दिसले, तर ती साधी ऑफसेट, म्हणजे पुस्तकांसारखी यंत्रावरची छपाई, मग सही खरी का असेना. खऱ्या एचिंगची रेघ कागदावर किंचित उठलेली असते आणि ॲक्वाटिंटचा, म्हणजे रेघेऐवजी छटा देणारा, भाग राळेच्या कणांमुळे रवाळ, अनियमित दिसतो.

रंगांकडे नीट बघ. दोन-तीन पत्रे वापरले असतील तर रंगांच्या कडा कुठेतरी केसभर सरकलेल्या सापडतात. दुसरी एक रीत मला जास्त आवडते. इंग्रज छापचित्रकार हेटर यांनी १९२७ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या स्टुडिओत, ज्याला पुढे आतलिए १७ म्हणू लागले, मिरो आणि माक्स अर्न्स्ट यांच्यासारखे सरिअलिस्ट, म्हणजे स्वप्नासारखी चित्रं काढणारे चित्रकार, काम करून गेले. तिथेच आपले भारतीय छापचित्रकार कृष्णा रेड्डी आणि कैको मोती यांनी एकाच पत्र्यावरून सगळे रंग एका दाबात काढायची पद्धत घडवायला हातभार लावला. पत्रा वेगवेगळ्या खोलीपर्यंत खोदायचा, कडक रूळ फक्त उंचवट्यांवर फिरतो, मऊ रूळ खोलात उतरतो. तेलकट शाई घट्ट शाईला आपल्यावर बसू देत नाही, म्हणून रंग कालवले न जाता शेजारी राहतात.

२३ म्हणजे तेविसावी निघालेली प्रत असं धरू नकोस. सह्या होईपर्यंत गठ्ठा वरखाली झालेला असतो. लहान आकड्याला जास्त पैसे मागितले तर सरळ नाही म्हण. सहीचं म्हणशील, तर स्पॅनिश चित्रकार दालीने हजारो कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या! आणि चित्राचा अर्थ विकणाऱ्याला विचारू नकोस, तो नक्की सांगेल.

घेतलंस तर फ्रेमवाल्याला कडा छाटू देऊ नकोस. सही, आकडा, दाबाची खूण सगळं तिथेच आहे. मागे हार्डबोर्ड, सेलोटेप, फेविकॉल काही नको. ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लाव, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. आणि पश्चिमेचं ऊन येणारी भिंत टाळ, आपल्या मे महिन्यात शाई टिकायची नाही.

पिक ग्लास सापडला नाही तर माझा घेऊन जा. घासाघीस मात्र तुझी तूच कर, मला ती कधी जमली नाही.

तुझा,
सर